बोईसरला घर घ्यावं का? (अणुभट्टी दहा किलोमीटरवर)

नालासोपारी:
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं नालासोपाऱ्यात वन रूम किचनमध्ये राहतो. मुलगी दहावीला जाईल आता, तिला अभ्यासाला कोपरा नाही. बोईसरला टू बीएचके बजेटमध्ये बसतोय. लोकलचा त्रास वाढेल, पण मला आठवड्यातून तीनच दिवस चर्चगेट गाठायचं असतं. सगळं जमत आलं होतं. परवा आईने विचारलं, "तारापूर म्हणजे ते अणुवालं ना रे? किती लांब?" मोबाईलवर मोजलं तर सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. आईने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग मी सोपाऱ्यातच बरी."

गंमत अशी की ऑफिसात मी अणुऊर्जेचा कट्टर समर्थक. कोळसा जाळण्यापेक्षा शंभर पटीने बरी, असं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवतो. डिसेंबर २०२५ मध्ये अणुऊर्जेचा नवा शांती कायदा झाला, खासगी कंपन्यांना दार उघडलं, तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या. आणि आता स्वतःची सही करायची वेळ आली तर हात अडखळतोय. तुम्ही घेतलं असतं का घर? खरं सांगा.

उगाच एक:
मी पयला. रात्री लाईट गेली तरी घरात उजेड राहील, बिल शून्य. घ्या बिनधास्त.

ठमाकाकू:
उगाच एक, तुमच्याकडून हाच विनोद येणार हे धागा उघडायच्या आधीच माहीत होतं.
नालासोपारी, आईचं वय काय? वयाच्या मानाने त्यांना किरणांपेक्षा फलाटावरच्या जिन्याची भीती जास्त वाटायला हवी. लिफ्ट आहे का इमारतीला?

जड पाणी:
अणुवीज केंद्रात बत्तीस वर्षं काढली. कुठल्या, ते विचारू नका. सगळी नोकरी वसाहतीत गेली, म्हणजे भट्टीपासून तुमच्यापेक्षा जवळ. दोन्ही मुलं तिथेच वाढली, एक आता धिप्पाड होऊन पुण्यात ट्रॅफिकला शिव्या देतो.

आकडे देतो, पटले तर घ्या. केंद्रामुळे कुंपणाबाहेरच्या माणसाला लागणाऱ्या किरणोत्साराची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (शरीराला लागलेला किरणोत्सार मोजायचं माप) आहे. प्रत्यक्षात त्याच्या लहानशा हिश्श्याइतकाच लागतो. माती, दगड, आकाश, अन्न यांतून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ च्या आसपास लागतोच. छातीचा एक सीटी स्कॅन काढला की पाच-सात. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या (थोरियमवाल्या) वाळूमुळे याहून कितीतरी जास्त, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतायत.

आम्हा कामगारांना पाच वर्षांत मिळून १०० ची मर्यादा होती. छातीला बिल्ला असायचा, तो तपासायला जायचा. बाहेर पडताना हात-पाय यंत्रात घालून उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की सुटका. एकदा माझा दिवा लाल झाला. पाच वेळा हात धुतले, ब्रश घेऊन नखं घासली, तरी लाल. शेवटी कळलं की मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा. पट्टा तिथेच जमा केला. बायकोने लग्नात दिलेलं घड्याळ होतं, ते मात्र वाचलं.

थोडक्यात, घर घ्या.

सूर्यफूल:
जड पाणी काकांचा आदर ठेवून सांगतो. रोज किती किरणं लागतात हा प्रश्नच नाहीये. रोज काहीच होत नाही, हे मान्य. प्रश्न एका दिवसाचा आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या, १९६९ च्या. जपानमध्ये २०११ ला त्सुनामीत फुटलेली फुकुशिमातली पहिली भट्टीसुद्धा त्याच कंपनीची आणि उकळत्या पाण्याचीच. तिथेही १० मार्च २०११ पर्यंत काहीच झालं नव्हतं.

आणि पैशाचं बघा. सौर विजेचे लिलाव युनिटला अडीच रुपयांच्या आसपास जातात. फ्रान्सची फ्लामानव्हिलची भट्टी ३.३ अब्ज युरोत होणार होती, ती १३ अब्जांच्या वर गेली. २००७ ला पाया घातला, ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ ला. हीच भट्टी आपल्या जैतापूरला सहा नग लावायची आहे.

जड पाणी:
सूर्यफूल, संध्याकाळी सात वाजता तुमचं अडीच रुपयांचं युनिट कुठे असतं? बॅटरी धरून भाव सांगा, मग बोलू. १६० मेगावॉटची म्हातारी भट्टी रात्री तीन वाजताही १६० देते.
आणि तारापूरचं आवरण फुकुशिमापेक्षा वेगळं आहे. फुकुशिमानंतर सगळ्या भट्ट्यांचा आढावा झाला होता. त्या दोन्ही जुन्या भट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केल्या होत्या, हेही लिहायचं होतं तुम्ही.

सूर्यफूल:
५० वर्षं जुनी गाडी दुरुस्त करून हायवेवर काढायची, याला तुम्ही काय म्हणता ते मला माहीत नाही. आमच्याकडे हट्ट म्हणतात.

उगाच एक:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (युरेनियम नाही, साधं लोणीवालं.)

चिकूवाडी:
आम्ही डहाणूकडचे, म्हणून लिहितो. तुम्ही मुंबईची माणसं तारापूर म्हटलं की भट्टी बघता. बोईसर-तारापूरच्या माणसाला विचारा, त्याला भीती कशाची वाटते. एमआयडीसीची. रसायनांचे कारखाने, रात्री-बेरात्री स्फोट, ओढ्याचं पाणी एका दिवशी लाल तर दुसऱ्या दिवशी हिरवं. गेल्या वीस वर्षांत तिथे माणसं गेली ती रिअॅक्टर फुटून, फक्त तो रिअॅक्टर रसायनांच्या कंपनीतला. शब्द तोच आहे बघा. पेपरात "तारापूरमध्ये रिअॅक्टरचा स्फोट" असं छापून आलं की पुण्याहून मामाचा फोन येतो.

त्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले. लोक महिनोन्‌महिने तंबूत झोपले. मोठा एकही नाही, पण रात्री भांडी वाजली की भट्टीची आठवण येतेच.

तर घर घ्यायचंच असेल तर वारा कुठून येतो ते बघून घ्या. भट्टीचा नाही हो, कारखान्यांचा.

ठमाकाकू:
+१ चिकूवाडी. माझी नणंद बोईसरला होती आठ वर्षं. पावसाळ्यात रात्री खिडकी उघडायची सोय नव्हती म्हणे. अंड्याचा वास.
जाता जाता, यंदा घोलवडचे चिकू कधी येतील?

चिकूवाडी:
काकू, चिकू बारमाही असतात. तुम्ही म्हणताय ते गोड, उन्हाळ्याच्या तोंडावर. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पोफरणचा:
बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो.

तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या भट्ट्या आल्या (२००५-०६), तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. आम्ही त्यातले. नवीन जागा मिळाली ती बोईसरच्या बाजूला, रांगेत प्लॉट, सरळ रस्ते. नकाशावर छान दिसतं. माझी आजी पहिले सहा महिने झोपली नाही. समुद्राचा आवाज नाही म्हणून. मग काकाने तिला जुना रेडिओ आणून दिला, स्टेशन न लावता नुसती खरखर ठेवायची. त्यावर झोपायची.

तुम्ही लोक सुरक्षित आहे का नाही यावर भांडता. आमच्याकडे तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आमचे प्रश्न होते: विहीर कोणाची, होडी कुठे लावायची, मसणवट कुठे. होडीचं उत्तर अजून मिळालेलं नाही. समुद्र तोच, पण केंद्राच्या समोरच्या पाण्यात जाता येत नाही, वळसा घालायचा, वळशाचं डिझेल आमचं.

नालासोपारी, तुमच्या भावाला घर मिळत असेल तर घ्या. किरणांचं म्हणाल तर आमच्या गावची माणसं केंद्रातच कंत्राटी कामाला जातात.

नालासोपारी:
पोफरणचा, धन्यवाद. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. रेडिओचं ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, "घर घेऊन टाकायचं ते त्यांच्या जागेवर का?" म्हटलं नाही गं, वेगळी बिल्डिंग आहे. तरी तिचं काही पटलेलं नाही.

आंबोळगड:
मी राजापूर तालुक्यातला, जैतापूर प्रकल्पाच्या शेजारचा. वरती सूर्यफूलने आमचं नाव काढलं म्हणून लिहितो.

९,९०० मेगावॉट. १,६५० च्या सहा. झालं तर जगातलं सगळ्यात मोठं. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरिलवाडा, मिळून ९३८ हेक्टर. सरकारी कागदावर ती "पड जमीन". कातळ आहे, खरं. पण त्या कातळावर गुरं चरतात, पावसात भात होतं, फटीत कलमं लावलेली आहेत. मुंबईच्या साहेबाला कातळ म्हणजे फरशी वाटते.

डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले तेव्हा अरेवा या फ्रेंच कंपनीशी करार झाला. तीन महिन्यांनी फुकुशिमा. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे गावात प्रकल्पविरोधी आंदोलनावर गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार गेला. हे मी विसरू शकत नाही, त्या आठवड्यात आमच्याकडे मासळी विकायला बाई आली नव्हती.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. ज्याची जमीन गेली त्याला चेक. सुरुवातीला कोणी घेईना, मग २०१३ ला हेक्टरी साडेबावीस लाख झाले, हळूहळू बहुतेकांनी घेतले. साखरी नाट्याच्या मच्छीमाराची जमीन गेलीच नाही, त्यामुळे त्याला चेकही नाही. त्याचा समुद्र आहे, आणि समुद्राचा सातबारा नसतो. भट्टी थंड करून गरम झालेलं पाणी त्याच समुद्रात येणार. म्हणून आमच्याकडे जमीनवाले आणि जाळीवाले अशी फूट पडली, आणि ती मुसलमान-हिंदू म्हणून खपवली गेली. ती तशी नव्हती.

पुढे? अरेवा बुडाली, फ्रान्सचीच वीज कंपनी इडीएफ आली. २०२१ ला त्यांनी देकार (ऑफर) दिला. तेव्हापासून माडबनच्या सड्यावर भिंत आहे आणि भिंतीच्या आत गवत आहे. गवत कापायला परवानगी नाही.

उगाच एक:
गवत सुरक्षित आहे, हे महत्त्वाचं.

वकीलसाहेब नव्हे:
आंबोळगड, देकारावर घोडं अडलं त्यात भावाइतकाच वाटा दायित्वाच्या कायद्याचा होता. इथे बऱ्याच जणांना तो माहीत नसेल म्हणून लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

२०१० चा अणुनुकसान दायित्व कायदा. भोपाळ डोक्यात ठेवून केलेला. १९८९ ला युनियन कार्बाइडकडून ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि तिथली माणसं आजही रांगेत आहेत, ही जखम संसदेत ताजी होती. म्हणून त्यात कलम १७ (ख) आलं: अपघात सदोष सुट्या भागामुळे झाला तर केंद्र चालवणारा पुरवठादाराकडून वसुली करू शकेल. जगात बहुतेक ठिकाणी असं नाही, सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावरच असते. अमेरिकन आणि फ्रेंच कंपन्या तिथेच थांबल्या. आपले देशी पुरवठादारही बिचकले.

आता डिसेंबर २०२५ च्या शांती कायद्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि हा २०१० चा, दोन्ही मोडीत काढले. खासगी कंपनी केंद्र चालवू शकते. पुरवठादारावरचं ते कलम गेलं, करारात लिहिलं असेल किंवा मुद्दाम केलं असेल तरच वसुली. अणुऊर्जा नियामक परिषदेला कायद्याचा दर्जा मिळाला, हे मात्र चांगलं झालं, अनेक वर्षं मागणी होती. चालवणाऱ्याचं दायित्व भट्टीच्या आकारानुसार, सगळ्यात मोठ्या भट्टीला ३,००० कोटी. त्याच्या वर गेलं तर केंद्र सरकार.

सूर्यफूल:
म्हणजे आपणच.
फुकुशिमाच्या नुकसानभरपाईचा आकडा १० लाख कोटी येनच्या वर गेलाय. रुपयांत पाच लाख कोटींच्या पुढे. त्यासमोर ३,००० कोटी ठेवा. नफा कंपनीचा, अपघात सातबाऱ्यावर. नालासोपारी, याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या ना?

नालासोपारी:
हो, वाजवल्या. कलम १७ (ख) माहीत नव्हतं. ते असताना पंधरा वर्षांत एकही परदेशी भट्टी नव्याने आली नाही, हेही खरंच ना पण?

वकीलसाहेब नव्हे:
खरं आहे. तमिळनाडूतल्या कुडनकुळमच्या रशियन भट्ट्या त्या कायद्याच्या आधीच्या करारातल्या. मी बाजू घेत नाहीये. मला दोन्हीकडचं पटतं आणि त्यामुळे घरात कोणी माझ्याशी वाद घालत नाही.

कोंबडीवडे:
एन्रॉन आठवतंय का कोणाला? दाभोळ. परदेशी कंपनी, वीज घेतली नाही तरी पैसे द्या. शेवटी २००१ ला वीज मंडळाने वीज घेणंच थांबवलं. कोकणात परदेशी वीज कंपनी म्हटलं की गुहागरचा माणूस आधी पाकीट चाचपतो. किरणांचं नंतर.

टाटानगरकर:
आमच्या आजोबांपासून जमशेदपूरला. मराठी मंडळाचा गणपती, दर रविवारी पुरणपोळी नाही पण साबुदाणा मिळतो. सांगायचं एवढंच की सगळे भट्टीवर बोलताय, भट्टीत जातं ते कुठून येतं यावर एकही प्रतिसाद नाही.

जादूगोडा आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. १९६० च्या दशकापासून युरेनियमची खाण. तिथला दगड एवढा गरीब आहे की एक टन फोडला तर अर्धा-पाऊण किलोच्या आत-बाहेर युरेनियम मिळतं. कॅनडाच्या सिगार लेकला टनाला शंभर किलोच्या वर. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ अख्खा टन बारीक दळून, धुऊन, राडा म्हणून परत टाकायचा. तो तळ्यात साठवतात, बांध घालून. तळ्याच्या बाजूला संथाळ, हो लोकांच्या वस्त्या. लहान होतो तेव्हा वडिलांच्या स्कूटरवरून तिकडून जायचो. करडं, सपाट, चकचकीत मैदान. मला वाटायचं क्रिकेटला किती छान जागा. बाबा म्हणाले, तिथे उतरायचं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही कोणी सांगितलं नसावं.

आजारांबद्दल सरकारी डॉक्टर एक म्हणतात, तिथले कार्यकर्ते दुसरं. मी त्यात पडत नाही. पण पिवळा केक (दगडातून काढलेली युरेनियमची भुकटी) हैदराबादला जातो, वीज ग्रिडला जाते, आणि राडा जादूगोड्यात राहतो, एवढं डोळ्यांनी दिसतं.

जड पाणी:
टाटानगरकर, मुद्दा बिनतोड. माझ्या पूर्ण नोकरीत मी एकदाही खाण बघितली नाही, याची आत्ता लाज वाटली.

थोडी भर घालतो. १९७४ ला पोखरणची अणुचाचणी झाली आणि तारापूरचं अमेरिकन इंधन अडलं. मग फ्रान्स, मग चीन, मग रशिया, अशा दारोदार आम्ही युरेनियम मागितलं. अमेरिकेने वापरलेलं इंधन परतही नेलं नाही आणि आम्हाला त्यावर प्रक्रियाही करू देईना, ते वर्षानुवर्षं तळ्यात ठेवून आम्ही राखत बसलो. बाकीच्या भट्ट्या जड पाण्याच्या (जड हायड्रोजनचं पाणी), त्यांना नैसर्गिक युरेनियम चालतं, तेवढं जादूगोड्याने पुरवलं. पण २००७-०८ च्या सुमारास तेही पुरेना. भट्ट्या ठणठणीत, आणि निम्म्या ताकदीवर चालवायच्या. शिफ्टला जाऊन दांडा खाली करून बसायचं, याच्यासारखा अपमान नाही.

म्हणून अमेरिकेशी अणुकरार हवा होता. २२ जुलै २००८ चा विश्वासदर्शक ठराव आठवतोय? नोटांची बंडलं? आम्ही कंट्रोल रूममध्ये रेडिओ लावून ऐकत होतो. सप्टेंबरात अणुइंधन पुरवणाऱ्या देशांच्या गटाची सूट मिळाली, मग कझाकस्तान, रशिया, २०१५ पासून कॅनडा. भट्ट्या पुन्हा धावायला लागल्या.

सदाशिवगड:
कारवारहून. कैगाचं अणुवीज केंद्र आमच्या मागच्या डोंगरात. काळी नदी वरून येते, तिच्या मुखाशी आम्ही.
दोन गोष्टी सांगतो. कैगाची पहिली भट्टी ९६२ दिवस न थांबता चालली, ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत, तेव्हाचा जागतिक विक्रम. आणि २००९ च्या नोव्हेंबरात तिथल्याच पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी आतल्याच माणसाने जड पाणी मिसळलं, पन्नासच्या वर कामगारांच्या शरीरात ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) सापडलं. दोन्ही खरं.
मी स्वतः काळीचे खुबे आणि तिसऱ्या खातो. आई खात नाही. एकाच घरात दोन धोरणं.

इसारकाठची मनू:
जर्मनीतून. आमच्याकडे शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. त्यातली इसार-२ म्युनिकच्या जवळची. गंमत अशी की आमच्या शेजारची, म्हणजे भट्टीच्या जवळ राहणारी बरीच माणसं ती बंद होऊ नये म्हणत होती. नोकऱ्या, गावाचा कर, सवय. विरोध लांबच्या शहरांत जास्त. तारापूर-कैगाचं वाचताना तेच आठवलं. पण जैतापूर उलटं दिसतंय, जिथे अजून भट्टी नाही तिथे भीती जास्त.

भीती खोटी असते असं मात्र म्हणणार नाही. इथे बव्हेरियात चेर्नोबिलची राख १९८६ ला पावसातून पडली. आजही रानडुक्कर मारलं की मांस मोजून घेतात, किलोला ६०० बेकेरेलच्या (किरणोत्साराचं माप) वर असेल तर फेकून देतात. चाळीस वर्षं झाली. माझी सासू जंगलातल्या अळंब्या आणते, नवरा म्हणतो थोड्या खा. थोड्या म्हणजे किती, हे कोणीच सांगत नाही.

उगाच एक:
भारतात असं मोजायचं ठरवलं तर मोजायचं यंत्र आधी आमदाराच्या घरी जाईल.

कोंबडीवडे:
एकदम विषयाला धरून विनोद! उगाच एक, बरे आहात ना?

माध्यमिक शाळा:
शिक्षिका आहे, केंद्रापासून १६ किमीच्या आत आमची शाळा. हा आकडा सहज नाही हां, आपत्कालीन नियोजनाचा पट्टाच १६ किमीचा असतो. नालासोपारींचा फ्लॅट त्यात येतो.

एकदा रंगीत तालीम झाली होती. आधी चिठ्ठी आली. ठरल्या वेळी भोंगा, मग जीपवरून लाऊडस्पीकर: घरात थांबा, दारं-खिडक्या बंद करा, नाकाला ओला रुमाल लावा. चाळीस मुलं वर्गात, पंखे बंद, खिडक्या बंद, मे महिना नव्हता म्हणून वाचलो. वर्गात पाच खिडक्या, त्यातल्या दोघींना तावदानं नाहीत. मी तिथे फळा उभा केला. आयोडीनच्या गोळ्यांचं नुसतं सांगितलं, त्या दिवशी वाटायच्या नव्हत्या. मग मुलांना हलवायला एक बस यायची होती. ती आलीच नाही. मुख्याध्यापकांनी वहीत लिहिलं, "बस आली असे समजण्यात आले."

दुसरीतल्या एका मुलाने विचारलं, बाई, रुमाल ओला करायला पाणी कुठेय? त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं.

पोफरणचा:
बाई, हेच. तावदानं लावा आधी.

ठमाकाकू:
माध्यमिक शाळा, हसू का रडू कळेना. "असे समजण्यात आले" हे मी आता घरी वापरणार. भांडी घासली असे समजण्यात आले.

सूर्यफूल:
आणि असा हा देश २०४७ पर्यंत अणुवीज १०० गिगावॉट (एक लाख मेगावॉट) करणार म्हणे. २०२५ च्या अर्थसंकल्पात घोषणा, लहान भट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी, २०३३ पर्यंत पाच देशी लहान भट्ट्या. घोषणा झाली तेव्हा होते नऊच्या आत. ५६ वर्षांत नऊ, आणि २२ वर्षांत एक्क्याण्णव.

जड पाणी:
सूर्यफूल, इथे मी तुमच्या बाजूने. मी नोकरीत होतो तेव्हा भिंतीवर तक्ता होता: सन २००० पर्यंत १०,००० मेगावॉट. २००० उजाडलं तेव्हा तीन हजारांच्या आत होतो. तक्ता कोणी काढला नाही, त्याच्यावर कॅलेंडर टांगलं. कल्पाक्कमच्या शीघ्र प्रजनक भट्टीचं (चालता चालता नवं इंधन तयार करणारी) बांधकाम २००४ ला सुरू झालं, इंधन भरायला मार्च २०२४ उजाडला. होमी भाभांच्या योजनेतला थोरियमवरच्या भट्ट्यांचा तिसरा टप्पा माझ्या नातीच्या वाट्याला आला तरी पुष्कळ.
पण ७०० मेगावॉटच्या देशी भट्ट्या काक्रापारला आणि राजस्थानात चालू झाल्यात, त्या आमच्या पोरांनी बांधल्यात. तेवढा अभिमान राहू द्या मला. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

टाटानगरकर:
शंभर गिगावॉटचं युरेनियम कुठून, हे कोणी विचारा. मेघालयात डोमियासियाटला खासी लोकांनी तीस वर्षं खाण होऊ दिली नाही. नल्लमलाच्या जंगलासाठी तेलंगण विधानसभेने २०१९ ला एकमताने विरोधाचा ठराव केला. आंध्रात तुम्मलपल्ले चालू आहे, तिथला दगड जादूगोड्याहून गरीब. म्हणजे बाहेरूनच आणणार. कोळशाच्या आयातीला नावं ठेवायची, आणि हे?

वकीलसाहेब नव्हे:
ऑस्ट्रेलिया जगाला युरेनियम विकतो आणि स्वतःच्या देशात अणुवीज केंद्राला कायद्याने बंदी. सगळ्यात हुशार तेच.

चिकूवाडी:
धागाकर्ते कुठे गेले? घर घेतलं का नाही?

नालासोपारी:
आलो, आलो. रविवारी आईला घेऊन बोईसरला गेलो होतो, म्हणून उशीर.

आधी जिथे घेणार होतो ती इमारत पश्चिमेला. फ्लॅट मस्त. आईने नळ सोडून बघितला, भिंतीवर टिचक्या मारल्या, खालच्या बाईला टँकर कितीला पडतो ते विचारलं. मग बाल्कनीत उभी राहिली. साडेसहा-सातची वेळ, वारा सुटला आणि काकू म्हणाल्या तो वास आला. अंड्याचा, त्यात काहीतरी गोडसर. आईने पदर नाकाला लावला. दलाल म्हणाला, "आजी, रोज नसतो, आठवड्यातून दोनदाच." आईने विचारलं हा वास त्या अणूचा का. तो म्हणाला, छे, त्याला वास नसतो. आई म्हणाली, "असता तर बरं झालं असतं. कळलं तरी असतं."

खाली आलो. रिक्षावाल्याला आईने विचारलं, तुम्ही इथलेच? तो म्हणाला, आमचं गाव उठलं. पोफरणचा, तुमच्याच गावचा होता. त्या दोघांचं पंधरा मिनिटं बोलणं झालं, मीटर चालू होतं.

पश्चिमेचा फ्लॅट नाही घेतला. पूर्वेला एक बघितलाय, भट्टीपासून आणखी दोनेक किलोमीटर लांब, पण १६ च्या आतच. आई म्हणते तो चालेल. का चालेल विचारलं तर म्हणाली, खिडकी उघडता येईल. टोकन दिलंय अकरा हजार.

ठमाकाकू:
अभिनंदन! लिफ्ट आहे का, ते अजून सांगितलं नाहीत.

नालासोपारी:
आहे काकू. चालू आहे असे समजण्यात आले.

चिकूवाडी:
पूर्वेला म्हणजे बेटेगावच्या बाजूला? अहो, तिकडे बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय. नवीन धागा तयार ठेवा.